पुरुष वंध्यत्व, वीर्यतपासणी आणि इक्सी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांच्या केबिनमागे बंद दाराची जी लॅब असते, तिथे मी एम्ब्रियोलॉजिस्ट म्हणून काम करते. वीर्याचे नमुने तपासायचे, स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आणायचे, तयार झालेल्या गर्भाची पाच-सहा दिवस निगा राखायची, हे माझं रोजचं काम. पेशंटची आणि माझी गाठ क्वचितच पडते. पण पडते तेव्हा प्रश्न तेच ते असतात, आणि बहुतेक वेळा ते दबक्या आवाजात येतात, जोडीदार पाणी आणायला किंवा बिल भरायला उठला की. ते प्रश्न आणि मला जमतील तितकी सरळ उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. आधी तपासणी कुणाची करायची?

दोघांची, एकाच आठवड्यात. नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करावी. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने.

तरी आमच्याकडे येणारी फाइल बाईचीच असते. त्यातली एक मी विसरू शकत नाही. साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली, सात वर्षांची फाइल. दरवर्षीच्या सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, दोनदा दुर्बिणीची तपासणी, हार्मोनच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, शिवाय दोन वेगवेगळ्या गावांतल्या बाबांचे अंगारे. नवऱ्याचा एकही कागद त्यात नव्हता. विचारलं तर तो म्हणाला, "मला कुणी तपासायला सांगितलंच नाही, मॅडम." त्याचा नमुना मी त्याच दिवशी पाहिला. त्यात एकही शुक्राणू नव्हता. बाईंनी रिपोर्ट वाचला, घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे ती दुर्बीण घालायची गरजच नव्हती."

वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाका पडत नाही, खर्चही बाईच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा कमी. म्हणून ती सगळ्यात आधी व्हायला हवी. बाईच्या पोटात दुर्बीण घालण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट समोर नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यांची तपासणी झाल्याशिवाय माझी का?"

नमुना घरून आणला तर चालतो का?

चालतो, पण तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि वाटेत तो गारठता किंवा तापता कामा नये. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवलेला नमुना तपासणीच्या कामाचा राहत नाही. कल्याणहून परळला लोकलने येताना गाडी अर्धा तास अडकली, तर तो रिपोर्ट तुमचा राहत नाही, मध्य रेल्वेचा होतो. शक्य असेल तर लॅबमध्येच द्या. आधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळा. आठ-दहा दिवस "साठवून" आणल्याने नमुना सुधारत नाही, जुने मेलेले शुक्राणू मात्र वाढतात. कंडोममध्ये जमा केलेला नमुना आणू नका, साध्या कंडोममधल्या वंगणाने शुक्राणू मरतात. आणि काही भाग सांडला असेल तर लाजू नका, सांगा. वीर्याचा पहिला भाग शुक्राणूंनी सगळ्यात जास्त भरलेला असतो, तोच सांडला तर आकडा खोटा येतो.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे? माझा काउंट 14 मिलियन आलाय, म्हणजे मी बाद झालो का?

नाही. आधी हे आकडे कुठून आले ते समजून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीची एक पुस्तिका काढते. पहिली 1980 साली निघाली, सध्याची सहावी आवृत्ती 2021 ची. त्यातल्या मर्यादा अशा ठरल्या: ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा निरनिराळ्या देशांतल्या पुरुषांचे नमुने मोजले आणि आकडे चढत्या क्रमाने मांडले. शंभरातल्या सगळ्यात खालच्या पाच जणांच्या वर जी रेष येते, ती मर्यादा. एका वेळचं वीर्य 1.4 मिलिलिटर, दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, हालचाल करणारे 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के आणि नीट आकाराचे फक्त 4 टक्के.

त्या रेषेच्या खालचे पाच जणसुद्धा बापच झाले होते, हे लक्षात घ्या. 14 मिलियन म्हणजे दर मिलिलिटरला 1 कोटी 40 लाख. दिवस राहायला वेळ लागू शकतो, पण दार बंद झालेलं नाही. उलट 60 मिलियन आले म्हणून मूल होईलच अशी हमीही नाही. "नॉर्मल फॉर्म्स 4 टक्के" वाचून अनेक जण हादरतात. माणसाच्या वीर्यात बहुसंख्य शुक्राणूंचा आकार बिघडलेलाच असतो, ते सगळ्यांचंच आहे.

एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका. दोन-तीन महिन्यांत ताप, टायफॉइड, डेंग्यू होऊन गेला असेल तर आकडा खाली येतो आणि पुन्हा चढतो. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना द्या, आणि शक्यतो अँड्रोलॉजीचं, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या तपासण्यांचं काम नेहमी करणाऱ्या लॅबमध्ये. नमुना पातळ व्हायलाच पंधरा ते तीस मिनिटं लागतात. मग मोजणीच्या काचेवर किमान 200 शुक्राणू मोजायचे, दुसरा थेंब घेऊन पुन्हा 200 मोजायचे, दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचं. नमुना दिल्यावर दहाव्या मिनिटाला हातात आलेल्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

काउंट कमी म्हणजे मर्दानगी कमी का?

नाही. वृषणं दोन वेगळी कामं करतात. पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, शुक्राणू तयार करणाऱ्या नळ्या वेगळ्या. दाढीमिशी, आवाज, इच्छा, ताठरता सगळं व्यवस्थित असलेल्या माणसाचा काउंट शून्य असू शकतो. वीर्य दिसायला दाट आहे की पातळ यावरूनही काही कळत नाही, कारण वीर्यात शुक्राणूंचा वाटा फार थोडा असतो, बाकीचा द्रव प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींचा. आणि वीर्याचा एक थेंब चाळीस थेंब रक्तापासून बनतो हे खोटं आहे. या एका वाक्यापायी मी विशी-पंचविशीची मुलं भेदरलेली पाहिली आहेत, त्यांच्या आयांनी त्यांना वैदूंकडे नेऊन हजारो रुपये घालवलेले पाहिले आहेत. वीर्य रक्तापासून गाळून निघत नाही.

औषधाने काउंट वाढतो का? किती दिवसांत?

कारण काय आहे, त्यावर सगळं अवलंबून. म्हणून डॉक्टरने नुसता रिपोर्ट पाहून पावडर लिहून दिली तर समाधान मानू नका. त्यांनी हाताने तपासायला हवं: वृषणांचा आकार, नसा फुगल्यात का, शुक्राणू वाहून नेणारी नळी हाताला लागते का. दोन मिनिटांची ही तपासणी किती पुरुषांची कधीच झालेली नसते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाच्या शिरा फुगणं. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे 15 टक्क्यांना ते असतं, मूल होत नसलेल्यांत 35 ते 40 टक्क्यांना. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्त मागे साचतं. साचलेल्या रक्ताने वृषण तापतं. वृषणं शरीराबाहेर लोंबतात तीच मुळी थंड राहण्यासाठी, पोटातल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी. हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट दोन्ही असतील तर ऑपरेशनचा विचार होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारे हार्मोन कमी असतील तर इंजेक्शनने शून्याचे लाखो झालेले मी स्वतः मोजले आहेत. अशी कारणं थोड्यांनाच सापडतात, पण सापडली तर नैसर्गिकरीत्या मूल होऊ शकतं, आणि म्हणून शोधायलाच हवीत.

वेळेचं म्हणाल तर एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. मग तो वृषणामागच्या लांब गुंडाळलेल्या नळीत दहा-बारा दिवस काढतो, पोहायला शिकतो, आणि मगच बाहेर पडतो. म्हणजे आज दिसणारा नमुना तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा आहे. आज सिगारेट, तंबाखू, दारू सोडलीत तर त्याचं फळ तीन महिन्यांनी मोजा. पंधरा दिवसांत काउंट दुप्पट करतो म्हणणाऱ्याला हे गणित माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसावं अशी त्याची इच्छा आहे.

जिममध्ये ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतो. त्याने काउंट वाढेल ना?

बंद होईल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि वृषणांना कामाला लावणारे संदेश तो थांबवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून हेच वापरून पाहिलं होतं. 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, आणि सहा महिन्यांत 157 जणांचा काउंट शून्य झाला. आता तेच औषध ताकदीच्या नावाखाली मुलं स्वतः टोचून घेतात. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावत नाही. ते कळलं नाही तर मात्र आम्ही भलतंच काहीतरी शोधत बसतो.

इक्सी म्हणजे नेमकं काय? ते कुणी शोधलं?

साध्या आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीत, बीजाभोवती हजारो शुक्राणू सोडतात आणि आत शिरायचं काम त्यांच्यावर सोपवतात. शुक्राणू कमी असतील, मंद असतील तर एकही शिरत नाही, आणि सगळी मेहनत वाया जाते. इक्सीमध्ये एकच शुक्राणू काचेच्या सुईत घेऊन थेट बीजाच्या आत सोडतात.

प्राण्यांत हे आधी जमलं होतं. हवाईमध्ये उएहारा आणि यानागिमाची यांनी 1976 साली हॅमस्टरच्या बीजात शुक्राणू टोचून दाखवला. अमेरिकेत 1988 मध्ये माणसाच्या बीजावरही करून पाहिलं, पण मूल झालं नाही. ते झालं ब्रसेल्समध्ये, व्हरायें युनिव्हर्सिटाइट ब्रसेल या विद्यापीठाच्या केंद्रात. तिथे जानपिएरो पालेर्मो नावाचा इटालियन तरुण डॉक्टर आंद्रे व्हान स्टाइर्टेगेम आणि पॉल देवरोय यांच्या गटात काम करत होता. त्यांची तेव्हाची पद्धत वेगळी होती: बीजाचं जाड कवच भेदायचं, शुक्राणू कवच आणि बीजाच्या पातळ पडद्याच्या मधल्या फटीत ठेवायचा, पुढचं निसर्गावर सोपवायचं. पडदा फाटू द्यायचा नाही, असा दंडक. एकदा सुई पुढे सरकली, पडदा फाटला आणि शुक्राणू बीजाच्या आत गेला. ते बीज टाकून द्यायच्या लायकीचं ठरायला हवं होतं. पालेर्मोंनी ते ठेवलं, पाहत राहिले, आणि ते फळलं.

पहिलं बाळ जानेवारी 1992 मध्ये जन्मलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा दोन पानी निबंध आला. त्यातले आकडे मला पाठ आहेत, कारण माझ्या धंद्याची सुरुवात त्या आकड्यांत आहे. 47 बीजांत शुक्राणू टोचले, 38 शाबूत राहिली, 31 फळली, 15 गर्भ गर्भाशयात सोडले. आठ प्रयत्नांत चार वेळा दिवस राहिले, त्यातला एक गर्भ सुरुवातीलाच गेला, एक जुळं होतं, आणि चार बाळं धडधाकट जन्मली. या सगळ्या जोडप्यांचे आधीचे उपाय फसले होते. पालेर्मो पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये गेले. आज जगात आयव्हीएफच्या बहुतांश चक्रांत इक्सीच वापरतात.

सुई टोचताना तुम्ही नक्की काय करता? चांगला शुक्राणू कसा ओळखता?

दोन्ही हातांत दोन बारीक कांड्या, त्यांना जोडलेल्या काचेच्या दोन नळ्या, आणि डोळे मायक्रोस्कोपला. एका थेंबात थोडा चिकट द्रव असतो, त्यात शुक्राणू हळू पोहतात. पोहण्याची चाल, डोक्याचा आकार, मान, शेपूट पाहून मी एक निवडते. मग सुईने त्याची शेपटी तळाशी दाबून मोडते. हे ऐकून लोक कळवळतात, पण शेपूट मोडल्याशिवाय त्याचा पडदा ढिला होत नाही आणि आत गेल्यावर बीज जागं होत नाही. त्याला शेपटीकडून सुईत ओढून घेते.

डावीकडच्या नळीने बीज हलकेच चोखून धरलेलं असतं, आणि त्यातला एक छोटा गोळा, ध्रुवपिंड, वर किंवा खाली राहील असं फिरवलेलं असतं, म्हणजे त्याच्याजवळच्या गुणसूत्रांना सुई लागणार नाही. उजवीकडून सुई आत जाते. बीजाचा पडदा लगेच फाटत नाही, सुईभोवती नरसाळ्यासारखा आत आत ताणला जातो. मग बीजातला द्रव कणभर सुईत ओढायचा, आणि तो झपकन सुईत सरकला की समजायचं, पडदा फाटला. त्या क्षणी थांबायचं, शुक्राणू सोडायचा आणि हात न हलवता बाहेर यायचं. इतक्या वर्षांनंतरही त्या वेळी मी श्वास धरलेला असतो.

सोळा ते अठरा तासांनी पुन्हा पाहायचं. बीजात शेजारी शेजारी दोन गोल दिसले, एक आईचा, एक बापाचा, तर फळलं. सकाळी लॅबचा दिवा लावताना मला अजून धडधडतं.

डोळ्यांना फक्त आकार आणि चाल दिसते. डोक्याच्या आत डीएनए तुटलंय का, हे मला दिसत नाही. ही या तंत्राची मर्यादा आहे, ती आम्ही पेशंटना सांगायला हवी.

रिपोर्टमध्ये शुक्राणू निल आलेत. आता काही उपाय आहे का?

आधी नमुना मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ पाहिला का, ते विचारा. कित्येकदा "निल" रिपोर्टच्या गाळात पाच-दहा शुक्राणू सापडतात, आणि इक्सीला तेवढे पुरतात.

खरोखर शून्य असेल तर दोन शक्यता. एक, कारखाना चालू आहे पण रस्ता बंद: जुना संसर्ग, जन्मतः नळी नसणं, नसबंदी. वृषणांचा आकार आणि एफएसएच (वृषणांना शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) साधारण नॉर्मल असतात, आणि सुईने वृषणातून शुक्राणू बहुतेक वेळा मिळतात. नळी जन्मतः नसेल तर नवरा-बायको दोघांचीही सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या जीनची तपासणी आवर्जून करा.

दोन, कारखानाच बंद किंवा अर्धवट चालू. हे जास्त अवघड. इथे रक्ताच्या दोन तपासण्या झाल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका. पहिली गुणसूत्रांची: दर सुमारे 600 पुरुषांमागे एकाला जास्तीचं एक्स गुणसूत्र असतं, त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. दुसरी वाय गुणसूत्राचा तुकडा गळालाय का याची. तिथे ए, बी, सी असे तीन भाग आहेत. ए किंवा बी पूर्ण गळाला असेल तर वृषण उघडूनही काही मिळत नाही, ऑपरेशनचा त्रास आणि खर्च दोन्ही वाचवता येतात. सी गळाला असेल तर शुक्राणू मिळू शकतात, पण मुलगा झाला तर त्याला हीच अडचण वारशाने जाईल, हे आधी कळायला हवं.

शुक्राणू मिळण्याची आशा असेल तर मायक्रो-टीसी हा चांगला मार्ग. न्यूयॉर्कचे पीटर श्लेगल यांनी 1999 मध्ये तो मांडला. ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली वृषणातल्या नळ्या पाहतात. बहुतेक बारीक, पोकळ असतात, एखादी जाड आणि पांढरट दिसते, तेवढीच काढतात. मग ती आमच्या टेबलावर येते आणि आम्ही तासन् तास शोधतो. कधी संध्याकाळी सहाला एक सापडतो. कधी सापडत नाही, आणि ते सांगायला मी डॉक्टरांबरोबर स्वतः जाते.

डोनर घ्यायला सांगितलंय. कायदा काय म्हणतो?

कृत्रिम प्रजननाच्या 2021 च्या कायद्यानुसार डोनरचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच येतात, डोनर 21 ते 55 वयाचा असतो, दोघांची लेखी संमती लागते, आणि होणारं मूल कायद्याने तुमचंच असतं. नातेवाइकाचे शुक्राणू चालत नाहीत. दिराचे, भावाचे घ्या असा आग्रह घरून झाला तर ठाम नाही म्हणा. आणि नवऱ्याला न सांगता काही करायला कुणी सुचवलं तर तिथून उठा.

इक्सी करतोयच, तर मुलगाच हवा असं करता येईल का?

नाही. शुक्राणू किंवा गर्भ लिंगानुसार निवडणं हा गुन्हा आहे. जो हळूच "जमवू" म्हणेल, त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका.

इक्सीने झालेली मुलं निरोगी असतात का?

बहुसंख्य निरोगी असतात. पण एका अभ्यासाची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. ब्रसेल्सच्या त्याच केंद्राने पहिल्या इक्सीच्या मुलांचा माग ठेवला. ती 18 ते 22 वर्षांची झाली तेव्हा त्यातल्या 54 तरुणांचं वीर्य तपासलं, आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. मध्यक काउंट (निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली) दर मिलिलिटरला 1 कोटी 77 लाख, तर त्याच वयाच्या नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या तरुणांचा 3 कोटी 70 लाख. वडिलांची अडचण काही प्रमाणात मुलांत उतरली, असं दिसतं.

यात इक्सीला दोष देण्यासारखं काही नाही, या मुलांचा जन्मच एरवी झाला नसता. पण आपण अडचण ओलांडली, सोडवली नाही, हे त्यातून कळतं. एक शुक्राणू मिळाला की काम होतं, म्हणून बाकीचे कुठे गेले हे विचारायचं आपण सोडून दिलं. गेल्या तीस वर्षांत स्त्रीबीजावर, गर्भावर, गर्भाशयाच्या अस्तरावर जेवढा पैसा आणि डोकं खर्ची पडलं, त्यामानाने पुरुषाच्या वृषणावर फार थोडं. मला हे मनापासून खटकतं.

माझा काउंट नॉर्मल आहे, तरी इक्सीच करा म्हणतात. गरज आहे का?

बहुतेक वेळा नाही. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीत 1064 जोडप्यांवर चाचणी झाली, नवऱ्याचे शुक्राणू नॉर्मल होते. निम्म्यांना इक्सी, निम्म्यांना साधं आयव्हीएफ. मूल होण्याचं प्रमाण 35 आणि 31 टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. हे 2021 मध्ये लॅन्सेटमध्येच छापून आलं. आधीच्या आयव्हीएफमध्ये बीज फळलं नसेल किंवा गर्भाची जनुकीय तपासणी करायची असेल तर इक्सीला अर्थ आहे. कारण विचारा आणि ते तुमच्या कागदावर लिहून घ्या.

पुरुषांचा काउंट पूर्वीपेक्षा घटतोय, हे खरं आहे का?

कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमधले नील्स स्काकेबेक हे नाव यात पहिलं घ्यावं लागतं. मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषांच्या वृषणाचे तुकडे तपासताना त्यांना काही विचित्र पेशी दिसल्या, आणि 1972 मध्ये त्यांनी दाखवलं की या पेशींतून पुढे वृषणाचा कॅन्सर होतो. नापीक वृषण आणि कॅन्सर यांचा धागा तिथे सापडला. पुढे 1992 मध्ये, इक्सीच्याच वर्षी, त्यांच्या गटाने 61 अभ्यासांतल्या 14,947 पुरुषांचे आकडे एकत्र केले आणि म्हटलं की पन्नास वर्षांत सरासरी दर मिलिलिटरला 11 कोटी 30 लाखांवरून 6 कोटी 60 लाखांवर आली. 2017 मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात, 185 अभ्यास आणि 42,935 पुरुष, पाश्चात्त्य देशांत 1973 ते 2011 या काळात निम्म्याहून जास्त घट दिसली.

यावर वाद आहेत. जुन्या काळची मोजणी वेगळी, नमुने देणारे पुरुष वेगळे, सगळ्या देशांचे आकडे सारखे नाहीत. माझं मत असं: नेमकी किती घट, यावर भांडता येईल, पण स्काकेबेकनी मांडलेला मूळ मुद्दा पक्का आहे. खराब वीर्य हा पुरुषाच्या एकूण तब्येतीचा निरोप असतो. म्हणून काउंट फार कमी असलेल्या पुरुषाने वर्षातून एकदा डॉक्टरकडून वृषणं तपासून घ्यावीत, मूल झालं तरी.

भट्टीवर, बॉयलरवर, फवारणीवर काम करतो. त्याचा परिणाम होतो का?

होऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपमध्ये 1977 साली एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या आपसात बोलताना लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच इतक्यात मूल झालेलं नाही. त्यांनी स्वतः तपासणीचा आग्रह धरला. डीबीसीपी नावाचं कीटकनाशक हाताळणाऱ्यांचे काउंट घसरले होते, काहींचे शून्यावर. दोन वर्षांत अमेरिकेत त्याच्या जवळपास सगळ्या वापरावर बंदी आली. कंपनीच्या आधी कामगारांना कळलं, कारण ते एकमेकांशी बोलले.

यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्यांना हादरा बसला. वृषणाला होणारी इजा अशी दिसत नाही, दुखत नाही, ती वर्षानुवर्षं कळतही नाही. फवारताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क, आणि काम झाल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवा. इचलकरंजी-कोल्हापूरच्या फाउंड्रीत, साखर कारखान्याच्या बॉयलरवर असाल तर तुमचं काम डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर तीन महिने दुसऱ्या खात्यात बदली मागून पुन्हा तपासा.

कॅन्सरचं निदान झालंय, वय 23. लग्न झालेलं नाही. आत्ता मुलांचा विचार करायचा का?

आजच करा. केमोथेरपी किंवा रेडिएशन सुरू होण्याआधी नमुना गोठवून ठेवा. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर तो वर्षानुवर्षं टिकतो. गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून दिवस राहिल्याची पहिली नोंद 1953 मध्ये अमेरिकेच्या आयोवात झाली, म्हणजे हे तंत्र तुमच्या आजोबांच्या काळातलं आहे. दोन-तीन दिवसांत दोन नमुने दिले तरी पुरे. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा, तुम्हाला बोलवत नसेल तर आईने, भावाने काढावा. मुलगा आजारी आहे, हे बोलायची ही वेळ नाही, असं म्हणून थांबलेल्या घरांतली मुलं नंतर बरी होऊन आमच्याकडे येतात, आणि तेव्हा नमुन्यात काही नसतं.

पहिल्या भेटीला काय घेऊन जावं?

नवऱ्याची स्वतंत्र फाइल करा, वर त्याचं नाव. त्यात वीर्यतपासणीचे दोन रिपोर्ट, लॅबच्या नावासकट. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का, हर्निया किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालंय का, गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं का, ते आईला विचारून लिहा, कारण बऱ्याच मुलांना ते माहीत नसतं. चालू असलेली औषधं, जिममधली पावडर आणि इंजेक्शनं, व्यसनं, काम कुठे आणि किती तास उन्हात-उष्णतेत, गेल्या तीन महिन्यांत आलेला ताप. बायकोला केबिनबाहेर बसवून नवऱ्याने पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलावं, आणि नंतर बायकोनेही. आणि डॉक्टर तपासायला पडद्यामागे बोलावतील तेव्हा नवऱ्यानेही जावं.